निळं फुलपाखरू आणि डोंगरी गोरिला : वाचवणं म्हणजे नक्की काय करणं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



पत्रिकेवरचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला बाहेर चहा घेतानाच गाठलं. म्हणाले, फुलपाखरू आणि गोरिला यांची तुलना तुम्ही करणार कशी? एक चिमटीत मावणारं, दुसरा दीडशे किलोचा. रास्त प्रश्न आहे. म्हणून सुरुवात एका गमतीने करतो.

ही पहिली स्लाइड बघा. काय दिसतंय? माकडाचा चेहरा ना? डोळे, नाक, बसकं तोंड. हा आहे एका फुलपाखराचा कोश, जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा. इंग्रजीत या फुलपाखराला ‘एपफ्लाय’ असंच नाव पडलंय. हे आपल्याकडेही सापडतं. याची अळी पानं खात नाही, पिठ्या ढेकूण खाते, म्हणजे शेतकऱ्याची मित्रच. निसर्गात फुलपाखरू आणि कपी एका चित्रात आले ते एवढेच. आपण मात्र आज त्यांना वेगळ्या कारणासाठी एकत्र आणणार आहोत.

या एपफ्लायच्याच कुळातलं, म्हणजे निळ्या फुलपाखरांच्या कुळातलं, एक फुलपाखरू ब्रिटनमधून १९७९ साली नामशेष झालं. लोकांचं त्याच्यावर प्रेम होतं, त्याच्यासाठी जागा राखून ठेवल्या होत्या, तरीही ते गेलं. त्याच सुमाराला आफ्रिकेतल्या विरुंगा पर्वतांमधले डोंगरी गोरिला अडीचशेच्या आसपास उरले होते, आणि तेही जाणार असं जाणकारांना वाटत होतं. आज दोघंही आहेत आणि दोघांची संख्या वाढलेली आहे. पण ज्या उपायाने एक वाचलं, तो दुसऱ्याला लावला असता तर दुसरं वाचलं नसतं. हे असं का, ते आज समजून घेऊ.

जगण्याचे दोन हिशेब

आधी थोडं जीवशास्त्र. प्रत्येक सजीवाला पुढची पिढी मागे ठेवायची असते, आणि त्यासाठी जवळची शक्ती कशी खर्च करायची याचे ढोबळमानाने दोन हिशेब आहेत.

पहिला हिशेब फुलपाखराचा. भरपूर अंडी घाला आणि निघून जा. त्यांतली बहुतेक मरणार हे गृहीतच. कोळी खातील, पक्षी खातील, पाऊस धुऊन नेईल. डझनावारी अंड्यांमधून सरासरी दोन प्रौढ फुलपाखरं तयार झाली की संख्या कायम राहते. ‘लार्ज ब्लू’ नावाचं आपलं आजचं फुलपाखरू प्रौढ झाल्यावर काही दिवसच जगतं. वर्षाला एक पिढी. आईची आणि पिल्लांची कधी भेटही होत नाही.

दुसरा हिशेब गोरिलाचा. मादीला पहिलं पिल्लू होतं साधारण दहाव्या वर्षी. साडेआठ महिन्यांचं गर्भारपण आणि एका वेळी बहुधा एकच पिल्लू. ते तीन-चार वर्षं अंगावर पितं. त्यामुळे दोन बाळंतपणांमधलं अंतर जवळजवळ चार वर्षांचं. त्यातही काही पिल्लं लहानपणीच दगावतात. हिशेब केलात तर एका मादीच्या अख्ख्या आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पिल्लं मोठी होतात.

आता या दोन हिशेबांचा संवर्धनाशी संबंध काय? सरळ आहे. चांगलं वर्ष मिळालं तर फुलपाखरांची वसाहत एका हंगामात काही पटींनी वाढते, आणि ओळीने दोन वाईट वर्षं आली तर संपूनही जाते. गोरिलांचं तसं नाही. सगळं काही उत्तम चाललं तरी त्यांची संख्या वर्षाला चारेक टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. एक प्रौढ मादी फासात अडकून मेली, तर ती जागा भरून निघायला दहा वर्षं लागतात. म्हणजे फुलपाखराच्या बाबतीत जपायची असते ती जागा, आणि गोरिलाच्या बाबतीत एकेक जीव. हे वाक्य फार सोपं आहे. पुढे त्यात थोडी दुरुस्ती करू, पण सध्या एवढं धरून चला.

कुंपणाने काय केलं

आता लार्ज ब्लूची गोष्ट. ही जरा सावकाश सांगतो, कारण खरी गंमत तपशिलात आहे.

या फुलपाखराची मादी थाइम नावाच्या वनस्पतीच्या कळ्यांवर अंडी घालते. थाइम ही आपल्या तुळशीच्या कुळातली, जमिनीलगत पसरणारी, सुगंधी वनस्पती. अळी बाहेर आली की दोन-तीन आठवडे फुलं खाते, कात टाकते, आणि मग एका संध्याकाळी चक्क खाली जमिनीवर पडते. चालत कुठे जात नाही, तिथेच पडून राहते.

ती कोणाची वाट बघते? मुंगीची. लाल मुंग्यांपैकी एखादी तिथून गेली की तिला ही अळी सापडते. अळीच्या पाठीवर एक ग्रंथी असते, त्यातून गोड थेंब येतो. मुंगी तो चाटते. मग अळी अंग आखडून फुगवते आणि मुंगीला वाटतं, ही आपल्याच घरातली बाळ-अळी चुकून बाहेर राहिलीये. वासही साधारण तसाच. मुंगी तिला तोंडात धरून घरी घेऊन जाते.

आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळा बिचारा चारा भरवत बसतो. इथे त्याच्याही पुढची पायरी आहे. ही अळी मुंग्यांच्या घरात जाऊन मुंग्यांचीच पिल्लं खाते! नऊ-दहा महिने ती आत राहते. तिचं जवळजवळ सगळं वजन, अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक, याच काळात वाढतं. कोशही आतच होतो. पुढच्या उन्हाळ्यात फुलपाखरू कोशातून निघतं, रांगत रांगत मुंग्यांच्या बोगद्यातून बाहेर येतं आणि गवताच्या काडीवर चढून पंख वाळवतं.

या गोष्टीतला मुंग्यांचा भाग १९१५ च्या सुमारास उलगडला. म्हणजे फुलपाखराला थाइम लागतं आणि लाल मुंग्या लागतात, हे पन्नास-साठ वर्षं लोकांना माहीत होतं. तरीही ते कमी होत गेलं. सगळ्यांचा संशय होता संग्राहकांवर. त्या काळात ब्रिटनमध्ये फुलपाखरं पकडून, टाचणी लावून पेटीत ठेवायचा छंद जोरात होता, आणि लार्ज ब्लू दुर्मीळ म्हणून त्याला मागणी. मग उपाय काय सुचणार? संग्राहकांना आत येऊ द्यायचं नाही. एका राखीव जागेला कुंपण घातलं गेलं.

कुंपणामुळे संग्राहक बाहेर राहिले. पण त्यांच्याबरोबर गुरं-मेंढ्याही बाहेर राहिल्या. गवत वाढलं, आणि फुलपाखरू तिथून नाहीसं झालं.

असं का झालं, याचं उत्तर जेरेमी थॉमस या तरुण शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात शोधलं. शेवटच्या उरलेल्या वसाहतीजवळ मुक्काम ठोकून त्यांनी अंडी मोजली, अळ्या मोजल्या, मुंग्यांची घरं मोजली. त्यातून कळलं की लाल मुंग्यांच्या अनेक जाती आहेत. अळीला त्यांतली कुठलीही मुंगी घरी नेते, पण ती चांगली जगते एकाच जातीच्या घरात. त्या जातीचं नाव मिर्मिका साबुलेटी. बाकीच्या घरांमध्ये सोंग बहुधा उघडं पडतं.

आणि या साबुलेटी मुंगीला ऊब लागते. ब्रिटनसारख्या थंड देशात जमीन गरम कधी राहणार? गवत अगदी खुरटं असेल, तीनेक सेंटिमीटरच्या आत, आणि ऊन थेट मातीवर पडेल तेव्हा. गवत थोडं जरी वाढलं तरी माती दोन-तीन अंशांनी थंड होते. मग साबुलेटी जाते आणि तिच्या जागी तिचीच चुलत बहीण, दुसरी लाल मुंगी येते. वरून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही. थाइम आहे, लाल मुंग्या आहेत, फुलपाखरं अंडीही घालताहेत. फक्त अळ्या घरात जातात आणि परत येत नाहीत.

गवत खुरटं ठेवायचं कोण? मेंढ्या, गुरं, घोडी आणि ससे. शेतीची पद्धत बदलली, तशी डोंगरउतारांवरची चराई परवडेनाशी झाली. आणि १९५३ मध्ये सशांमध्ये मिक्सोमॅटोसिस नावाचा विषाणूजन्य रोग ब्रिटनमध्ये आला. त्यात तिथले बहुतेक ससे मेले. सशांना रोग झाला म्हणून फुलपाखरू गेलं, असं कोणी १९५३ साली म्हटलं असतं तर लोक हसले असते. पण साखळी अशीच होती : ससा, गवत, मातीचं तापमान, मुंगी, फुलपाखरू.

दुःखाची गोष्ट अशी, की ही साखळी कळली तेव्हा उशीर झाला होता. सत्तरच्या दशकातल्या कडक उन्हाळ्यांनी शेवटच्या वसाहतीचं कंबरडं मोडलं आणि १९७९ साली ब्रिटनमधला लार्ज ब्लू संपला.

पण आता काय करायचं ते माहीत होतं. चराई पुन्हा सुरू केली, जागा तयार केल्या, मुंग्या परत आल्याची खात्री केली, आणि १९८३ पासून स्वीडनमधून आणलेल्या लार्ज ब्लूच्या अळ्या सोडायला सुरुवात झाली. ते रुजले. आज सॉमरसेटमधल्या काही टेकड्यांवर लोक ते मुद्दाम बघायला जातात. २०२२ च्या उन्हाळ्यात तर गेल्या दीडशे वर्षांतली सर्वांत मोठी संख्या नोंदवली गेली.

लक्षात घ्या, इथे कोणी एकेका फुलपाखराच्या मागे धावलं नाही. माणसांनी काम केलं ते गवताच्या उंचीवर.

एकेकाला नावाने ओळखणं

आता गोरिलांकडे येऊ. डोंगरी गोरिला जगात दोनच ठिकाणी आहेत. एक विरुंगा पर्वतरांग, जी रवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांच्या सीमेवर आहे. दुसरं युगांडातलं ब्विंडीचं जंगल. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांमध्ये जे गोरिला दिसतात ते जवळपास सगळे सखल प्रदेशातल्या जातीचे. म्हणजे डोंगरी गोरिला जंगलातून संपले तर लार्ज ब्लूसारखे ‘स्वीडनमधून’ आणायची सोय नाही.

१९५९-६० मध्ये जॉर्ज शालर यांनी विरुंगात साधारण साडेचारशे गोरिला असल्याचा अंदाज केला होता. १९८१ पर्यंत ते अडीचशेच्या आसपास आले. कारणं दोन : जंगल तोडून शेती झाली, आणि शिकार. शिकार नेहमी गोरिलाचीच असायची असं नाही. गावकरी हरणांसाठी तारेचे फास लावतात, त्यात गोरिलाचा हात किंवा पाय अडकतो, तार रुतते, जखम चिघळते. डायन फॉसी यांनी १९६७ मध्ये कारिसोके इथे तळ टाकून गोरिलांचा अभ्यास सुरू केला. १९७७ च्या शेवटी त्यांचा लाडका डिजिट हा नर शिकाऱ्यांनी मारला. १९८५ च्या डिसेंबरात खुद्द फॉसींची त्यांच्या झोपडीत हत्या झाली.

आता मघाचा हिशेब आठवा. फुलपाखराची एक मादी पकडली तर वसाहतीला फारसा फरक पडत नाही. गोरिलांच्या टोळीतला मुख्य नर, ज्याची पाठ चंदेरी झालेली असते, तो मारला तर काय होतं? टोळी फुटते. माद्या दुसऱ्या नराकडे जातात आणि तो नवा नर पुष्कळदा त्यांची तान्ही पिल्लं मारून टाकतो. म्हणजे एका गोळीने एक जीव जात नाही, तीन-चार जातात आणि पुढच्या काही वर्षांचे जन्म लांबतात.

म्हणून इथे उपाय निघाला तो लार्ज ब्लूच्या अगदी उलट. काही टोळ्या माणसांना सरावू दिल्या. रोज सकाळी माग काढणारे जातात, प्रत्येक गोरिला मोजतात. त्यांना ते नाकावरच्या सुरकुत्यांवरून ओळखतात, नावाने ओळखतात. कोणी फासात अडकला असेल तर पशुवैद्यक जंगलात जाऊन त्याला भूल देतात, तार कापतात, औषध देतात आणि तिथेच सोडतात.

याचा उपयोग झाला का? २०११ मध्ये मार्था रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी विरुंगातल्या चाळीसेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. रोज नजर असलेल्या, माणसाला सरावलेल्या टोळ्या वर्षाला ४.१ टक्क्यांनी वाढत होत्या. त्याच पर्वतांतल्या, न सरावलेल्या टोळ्या ०.७ टक्क्यांनी घटत होत्या. जंगल तेच, कायदा तोच, राखीव उद्यानाचा दर्जाही तोच. फरक होता तो रोज जाऊन बघणाऱ्या माणसांचा.

२०१८ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत विरुंगात ६०४ गोरिला निघाले. ब्विंडीचे ४५९ धरले तर एकूण १०६३. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय यादीत त्यांची श्रेणी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी एक पायरी वर आली. कपींमध्ये असं चित्र विरळाच, बहुतेकांची संख्या घटतेच आहे.

पण याची किंमत कोणी मोजली, हेही सांगितलं पाहिजे. काँगोतल्या विरुंगा उद्यानाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात दोनशेहून जास्त वनरक्षक कामावर असताना मारले गेले आहेत. एप्रिल २०२० मधल्या एकाच हल्ल्यात बारा गेले. आणि १९९१ मध्ये ब्विंडीचं राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथल्या बत्वा आदिवासींना जंगलाबाहेर काढलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलावर जगणाऱ्या लोकांकडे आज बहुतांशी स्वतःची जमीन नाही. रवांडात गोरिला बघायचा परवाना २०१७ पासून १५०० डॉलरला आहे आणि त्या उत्पन्नातला दहावा हिस्सा आसपासच्या गावांना जातो. ही चांगली गोष्ट आहे. पण गोरिला वाचले म्हणून टाळी वाजवताना बत्वांना विसरू नये.

मग धडा कोणता?

मघाशी म्हटलं होतं की दुरुस्ती करू. ‘फुलपाखरासाठी जागा, गोरिलासाठी एकेक जीव’ हे अर्धंच खरं आहे. जंगल गेलं तर गोरिलालाही डॉक्टर वाचवू शकणार नाही. आणि फुलपाखराची शेवटची वसाहत उरते, तेव्हा तिथलं एकेक अंडं मोलाचं होतं.

खरा फरक मला असा दिसतो. प्रत्येक जीवाच्या आयुष्यात एखादी कडी सगळ्यांत कच्ची असते. लार्ज ब्लूची कच्ची कडी मातीच्या तापमानात होती, तिच्यापुढे संग्राहक ही किरकोळ बाब होती. गोरिलाची कच्ची कडी प्रौढांच्या मरणात आहे. कडी ओळखायच्या आधीच आपण कुंपण घातलं, तर नेमकी तीच तुटू शकते.

आणि दुसरी गोष्ट. ‘निसर्गाला त्याच्या हाली सोडा, तो आपोआप सावरतो’ असं आपण सहज म्हणतो. या दोन्ही गोष्टींत सोडून देऊन काही सावरलेलं नाही. दोन्हीकडे माणूस रोज राबला. एकीकडे मेंढ्या घेऊन, दुसरीकडे तार कापायची पक्कड घेऊन.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : आम्ही साताऱ्याकडचे. कास पठारावर कुंपण घातलं, गुरं बंद केली, आणि आता म्हणतात त्याने फुलं कमी झाली. आमच्या म्हशी सोडायच्या का मग?*

उत्तर : ताई, हा प्रश्न विचारलात हे बरं झालं. लार्ज ब्लूची गोष्ट सांगताना माझ्या मनात कासच होतं. चराई थांबली की उंच गवत माजतं आणि जमिनीलगतची छोटी फुलं दबतात, असं तिथे काम करणारे काही वनस्पती-अभ्यासक सांगतात. दुसरीकडे पर्यटकांचे पाय आणि गाड्या हाही खरा त्रास आहे. म्हणून म्हशी सोडा किंवा सोडू नका, असं मी इथून सांगणार नाही. पण ब्रिटनमधला अनुभव सांगतो, की कधी, किती आणि कुठली गुरं, हे मोजून ठरवता येतं. काही तुकड्यांवर चराई ठेवायची, काहींवर नाही, आणि तीन-चार वर्षं फुलं मोजायची. आणि मोजणाऱ्यांत तुमच्यासारखी म्हशी राखणारी माणसं हवीत. गवत कधी माजलं हे त्यांना आधी कळतं.

*प्रश्न : पैसा मर्यादित असेल तर गोरिलाला द्यायचा की फुलपाखराला?*

उत्तर : गोरिलाला पैसा मिळतो, कारण त्याच्या डोळ्यांत आपल्याला आपण दिसतो. तो आपला जवळचा नातलग आहे, जनुकांमध्ये सुमारे ९८ टक्के साम्य आहे. फुलपाखरू सुंदर असतं, पण त्याच्या अळीसाठी कोण वर्गणी देणार? तरी बघा, लार्ज ब्लूसाठी ज्या टेकड्या सुधारल्या तिथे इतर दुर्मीळ वनस्पती आणि कीटकांनाही फायदा झाला, आणि खर्च मुख्यतः चराईच्या नियोजनाचा. गोरिलाच्या जंगलात शेकडो इतर जीव राहतात आणि तिथून खालच्या गावांना पाणी मिळतं. दोन्हीकडे आपण एका जीवाच्या नावाने पैसा मागतो आणि त्यातून एक अख्खी जागा सांभाळतो. म्हणून मी विचारेन, की कच्ची कडी कुठली हे कोणाला ठाऊक आहे? ज्याला ठाऊक आहे, त्याला आधी द्या.

*प्रश्न : संग्राहक हे खरं कारण नव्हतं, तर मुलांना फुलपाखरं पकडू द्यायची का?*

उत्तर : नको. आपल्याकडे फुलपाखरांच्या कितीतरी जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हे एक. आणि दुसरं, पकडण्यापेक्षा मोठी मजा बघण्यात आहे. घरातल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या रोपावर एखादी अळी दिसली तर ती झटकून टाकू नका. मुलांना रोज दाखवा, किती खाल्लं, कात कधी टाकली, कोश कुठे केला. जेरेमी थॉमस यांनीही शेवटी हेच केलं होतं, एका जागी बसून रोज बघितलं.